वारणेची संगणक केंद्रे : उसाची नोंद टिकली, बाकीच्या सेवा का टिकल्या नाहीत?

गावातल्या सर्वांना वापरता येईल असा संगणक गावात आणून ठेवायचा आणि त्यातून शेती, आरोग्य, शिक्षण व सरकारी कामकाज यांची माहिती लोकांच्या दारात पोहोचवायची, ही कल्पना आपल्याकडे गेली पंचवीस-तीस वर्षे वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा मांडली गेली आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या कल्पनेची सर्वांत गाजलेली चाचणी वारणा खोऱ्यात झाली. 1998 मध्ये सुरू झालेला आणि ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने देशभर ओळखला गेलेला हा प्रकल्प आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला असला, तरी स्थानिक रहिवाशांसाठी किंवा गावपातळीवरील संस्थांसाठी तंत्रज्ञानाची सोय उभी करू पाहणाऱ्या कोणालाही त्याचा अभ्यास टाळता येणार नाही. जाहीर केलेल्या अनेक सेवांपैकी एकच सेवा या प्रकल्पात मूळ धरून राहिली. ती का राहिली आणि बाकीच्या का राहिल्या नाहीत, हा या अभ्यासाचा विषय आहे.

वारणाच का निवडले गेले

सह्याद्रीत उगम पावणारी वारणा नदी चांदोली धरणातून पुढे येते, सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा आखत वाहते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. या नदीकाठच्या माळरानावर तात्यासाहेब कोरे यांनी 1950च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली आणि त्याभोवती वारणानगर वसले. पन्हाळा तालुक्यातल्या या वसाहतीत पुढे दूध संघ, ग्राहक भांडार आणि शिक्षण संस्था उभ्या राहिल्या. 1983 मध्ये येथे अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. शेतकऱ्याचा ऊस, त्याच्या घरचे दूध, त्याच्या किराण्याची खरेदी आणि त्याच्या मुलांचे शिक्षण या चारही गोष्टी एकमेकांशी जोडलेल्या संस्थांकडे असण्याचे असे उदाहरण राज्यातही फार ठिकाणी सापडत नाही.

मे 1998 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कार्यदल नेमले. सॉफ्टवेअरची निर्यात हा त्या काळातील चर्चेचा मुख्य विषय होता. मात्र ग्रामीण भागात संगणकाचा उपयोग दाखवून देणारा एखादा नमुना प्रकल्पही हवा होता आणि त्यासाठी वारणेची निवड झाली. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र सरकारने, 40 टक्के राज्य सरकारने आणि उरलेला 10 टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाने उचलायचा, असे ठरले. तांत्रिक अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे होती. परिसरातील सुमारे 70 गावे डोळ्यांसमोर होती. उद्दिष्टांची यादी मोठी होती : कारखान्याच्या कामकाजात कार्यक्षमता आणणे, पिकांविषयीचा सल्ला आणि बाजारभाव मराठीतून देणे, जमिनीच्या नोंदी उपलब्ध करणे, आरोग्याची माहिती पुरवणे, शाळा-महाविद्यालयांना दूरशिक्षणाशी जोडणे आणि गावांचे संगणकीय नकाशे तयार करणे.

निवड चुकीची नव्हती. वीज, दूरध्वनी, शिकलेली मुले आणि शेतकऱ्यांचा भरवसा असलेली संस्था या चारही गोष्टी वारणेत इतर ठिकाणांपेक्षा अधिक होत्या. त्यामुळे येथे जे जमले नाही ते साधनांच्या अभावामुळे जमले नाही, असे सहजासहजी म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासाला उपयोगी पडते.

उसाची नोंद म्हणजे काय

ऊस पट्ट्याबाहेरच्या वाचकाला हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण प्रकल्पाचे यश आणि मर्यादा या दोन्हींचे कारण यातच आहे.

सभासद शेतकरी ऊस लावतो तेव्हा त्याला कारखान्याच्या शेती विभागाकडे त्याची नोंद द्यावी लागते. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख या नोंदीत असते. लागण आडसाली, पूर्वहंगामी किंवा ‘सुरू’ यांपैकी कोणत्या हंगामातली आहे, की तो तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा आहे, यावरून तो ऊस कधी पक्व होणार हे ठरते. आडसाली उसाला दीड वर्षापर्यंतचा काळ लागतो, तर खोडवा त्यापेक्षा बराच लवकर तयार होतो. गळीत हंगाम सुरू झाला की या नोंदींच्या क्रमानेच तोडणीचा कार्यक्रम लागतो. शेतकऱ्याच्या भाषेत ‘तोड येते’. ती वेळेवर आली नाही तर उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडू लागते, वजन घटते आणि शेत मोकळे न झाल्यामुळे पुढच्या पिकाचाही हंगाम हुकतो. दीड वर्ष सांभाळलेल्या पिकाचे नुकसान शेवटच्या काही आठवड्यांत होते आणि ते कागदावरच्या एका तारखेमुळे होते.

तोड झाल्यावर गाडी काट्यावर जाते, वजनाची पावती होते आणि त्या वजनावर बिल निघते. बिलातून सोसायटीचे कर्ज, कारखान्याकडून घेतलेले खत आणि पाणीपट्टी अशा कपाती होतात व उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने खात्यावर जमा होते. नोंदणी, खताची मागणी, तोडणीचा परवाना, प्रत्यक्ष गेलेले टनेज आणि बिल या पाच टप्प्यांपैकी प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याला काहीतरी विचारायचे असते. त्यासाठी पूर्वी एक तर चिटबॉयला, म्हणजे गावात फिरणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याला, गाठावे लागे, नाही तर अर्धा दिवस मोडून गट ऑफिसला किंवा थेट कारखान्यावर जावे लागे. मोठ्या बागायतदाराच्या घरी माणूस स्वतः निरोप घेऊन येतो आणि वीस गुंठेवाल्याला तीनदा फेरी मारावी लागते, हा ऊस पट्ट्यातला जुना अनुभव आहे.

गावोगावच्या संगणक केंद्रांनी नेमके हे काम हाती घेतले. गावातल्या केंद्रात जाऊन आपल्या नोंदीची तारीख पाहणे, खताची मागणी देणे, तोडणीच्या परवान्याची स्थिती विचारणे आणि आतापर्यंत किती टन ऊस गेला हे समजून घेणे शक्य झाले. कोणाचा नंबर कितवा आहे हे पडद्यावर दिसू लागल्यावर विचारणाऱ्याला विनवणी करावी लागत नाही. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही केवळ सोय नव्हती, तर त्याच्या मानाचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटत होता. माझ्या मते वारणा प्रकल्पाचे सर्वांत मोठे श्रेय येथे आहे आणि प्रकल्प फसला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ते विसरता कामा नये.

बाकीच्या सेवांचे काय झाले

पुढे या केंद्रांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की त्यांचा उपयोग जवळजवळ संपूर्णपणे उसाच्या कामापुरता उरला होता. याचे कारण लोकांची उदासीनता किंवा संगणकसाक्षरतेचा अभाव असे सांगण्याची पद्धत आहे. मला ते कारण पटत नाही. प्रत्येक सेवेच्या बाबतीत अडचण वेगळी होती आणि ती आधीच ओळखता येण्यासारखी होती.

जमिनीच्या नोंदींचे उदाहरण घ्यावे. सातबारा हा महसूल खात्याचा कागद आहे. त्या काळी कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य उतारा म्हणजे तलाठ्याच्या सहीचा हस्तलिखित उतारा. सहकारी संस्थेच्या केंद्रातून माहिती छापून मिळाली तरी ती बँकेत चालणार नसेल, तर शेतकरी ती कशासाठी घेईल? राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 मध्ये उपलब्ध होऊ लागला आणि तेव्हाच घरबसल्या किंवा जवळच्या केंद्रातून मिळालेल्या उताऱ्याला खरी किंमत आली. मधल्या वीस वर्षांत यंत्रेही सुधारली हे खरे, परंतु निर्णायक बदल घडला तो महसूल खात्याने त्या कागदाची जबाबदारी स्वीकारली म्हणून.

बाजारभावाची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. ग्रामीण संगणक केंद्रांच्या त्या काळातील जवळजवळ प्रत्येक आराखड्यात बाजारभाव असत. मात्र कारखान्याला जाणारा ऊस बाजार समितीत जात नाही. त्याचा किमान दर केंद्र सरकार ठरवते, प्रत्यक्ष पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती द्यायची हे कारखाना आणि शेतकरी संघटना यांच्या ओढाताणीतून ठरते, आणि तो हंगामभर रोज बदलत नाही. गूळ करणाऱ्या शेतकऱ्याला कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यांचे भाव हवे असतात, भाजीपाला पिकवणाऱ्यालाही हवे असतात. परंतु ज्या केंद्राचा मुख्य ग्राहक कारखान्याचा सभासद आहे, तेथे दररोजचे भाव पाहायला येणार कोण, हा प्रश्न आराखडा करतानाच विचारता आला असता.

आरोग्य आणि शिक्षण यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. माहिती सतत ताजी ठेवणारा डॉक्टर किंवा शिक्षक त्या साखळीत कायमस्वरूपी नसेल, तर एकदा भरलेली माहिती काही महिन्यांतच शिळी होते. त्यात मराठीचा प्रश्न होता. युनिकोडचा, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेताचा, वापर रुळण्यापूर्वीच्या त्या दिवसांत एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे, आणि ज्यांनी त्या काळात मराठीत काम केले आहे त्यांना ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

थोडक्यात, उसाच्या नोंदीला कारखान्यात एक धनी होता. नोंद चुकली तर शेती विभागाला जाब विचारता येत होता आणि ती अद्ययावत ठेवणे ही खुद्द कारखान्याचीही गरज होती. बाकीच्या माहितीला असा धनी नव्हता.

मोबाईलचा प्रयोग

जानेवारी 2005 मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या प्रयोगशाळेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी वारणेच्या केंद्रांचा अभ्यास केला आणि तेथील संगणकांच्या जागी साधे मोबाईल फोन वापरून पाहिले. ‘वारणा अनवायर्ड’ असे त्या प्रयोगाचे नाव होते. व्यवस्था सुटसुटीत होती : एका संगणकाला मोबाईल जोडून ठेवलेला, गावाकडून ठरावीक पद्धतीचा लघुसंदेश आला की संगणकाने नोंदींतून उत्तर शोधायचे आणि लघुसंदेशानेच परत पाठवायचे. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. संगणकांकडून होणारी सर्व कामे मोबाईलवर करता आली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक आवडली, असा निष्कर्ष संशोधकांनी नोंदवला. केंद्रे असलेल्या सर्व 54 गावांत ही पद्धत नेल्यास सहकारी संस्थेचे वर्षाला सुमारे 10 लाख रुपये वाचतील, असा त्यांचा हिशेब होता.

हा निष्कर्ष अनेकांनी ‘संगणकापेक्षा मोबाईल बरा’ एवढ्याच अर्थाने वाचला. त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. लघुसंदेशात रोमन लिपीची जेमतेम 160 अक्षरे मावतात, देवनागरीची तर 70च, आणि त्या काळातील बहुसंख्य फोनवर देवनागरी दिसतही नसे. एवढ्याशा जागेत केंद्राचे सगळे काम बसले, याचा अर्थ ते काम मुळातच तेवढे होते. आरोग्य, शिक्षण, नकाशे आणि पीकसल्ला या सेवा खरोखर चालू असत्या, तर मोबाईलला त्यांची जागा घेता आली नसती.

दुसरी बाब पैशांची. वार्षिक 10 लाख भागिले 54 केले तर एका गावामागे साडेअठरा हजार रुपये येतात. रक्कम फार मोठी वाटत नाही, पण ती दरवर्षीची आहे आणि ती संस्थेच्या तिजोरीतून जाते. प्रकल्प उभारताना 90 टक्के भांडवल सरकारचे होते. वीज, दुरुस्ती आणि माणसांचा पगार मात्र कायमचा स्थानिक संस्थेच्या वाट्याला आला. अनुदानातून उभ्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक सोयीत ही विषम विभागणी असते : उद्घाटनाच्या फलकावर ज्यांची नावे असतात ते पाचव्या वर्षी विजेचे बिल भरायला नसतात. 2005 नंतरच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेले भारनियमन आठवले, तर संगणकाच्या तुलनेत एकदा चार्ज केलेला फोन शेतकऱ्याला का भावला असेल हेही समजते.

मोबाईलने काही गोष्टी हिरावूनही नेल्या. केंद्र ही गावातली एक जागा होती. वाचता न येणारा माणूस तेथे येऊन दुसऱ्याकडून वाचून घेऊ शकत होता, आणि चारजणांचे टनेज एकाच ठिकाणी बोलले जात असल्याने आपल्या पावतीत काही खटकते आहे का, हे ताडून पाहता येत होते. वजनाच्या काट्याविषयी संपूर्ण ऊस पट्ट्यात असलेला जुना संशय लक्षात घेता ही तुलना क्षुल्लक नाही. फोनवर आलेली माहिती ज्याची त्याच्यापुरती राहते.

केंद्राच्या दाराबाहेर राहिलेले

सहकारी संस्थेच्या आधाराने उभी राहिलेली सोय सभासदांची सोय होते, हे या प्रकरणातले सर्वांत अवघड सत्य आहे. कारखान्याचा सभासद होण्यासाठी जमीन आणि भाग, म्हणजे शेअर, लागतो. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा बहुसंख्य स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि बारा बलुतेदारांतील कुटुंबे यांच्यासाठी उसाची नोंद दाखवणाऱ्या पडद्यावर काहीच नव्हते. बीड, अहिल्यानगर भागातून दिवाळीनंतर येणाऱ्या आणि उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात राबणाऱ्या तोडणी कामगारांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती, फिटली किती आणि त्यांनी प्रत्यक्ष तोडलेले टन किती, हा हिशेब मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतो. शेतकऱ्याच्या टनेजची नोंद संगणकावर आली, तेव्हा त्याच गाडीतल्या मोळ्या बांधणाऱ्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशेबही तेथून दिसू शकला असता. आकडा एकच होता. तो मजुराला दाखवण्याची मागणी कोणी केली नाही, कारण मजुराला संस्थेत मत नव्हते.

वारणा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, म्हणजे 1998 मध्ये, पुदुच्चेरीजवळच्या गावांत एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने ज्ञान केंद्रे सुरू केली. तेथे केंद्रासाठी जागा गावाने द्यायची आणि ती जातीचा भेद न करता सर्वांना खुली ठेवायची, अशी अट होती. वीरमपट्टिनम या मच्छीमार गावात समुद्राच्या लाटांचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेऊन ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जाई. पडदा वाचता येणे किंवा संस्थेचे सभासद असणे यांपैकी कशाचीच त्यासाठी गरज नव्हती. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा नल्लवाडू गावाला परदेशातील गावकऱ्याच्या फोननंतर तेथील केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून इशारा देऊन रिकामे करता आले. वारणेकडे यापेक्षा कितीतरी अधिक पैसा आणि सामग्री होती.

आज एखाद्या संस्थेने काय पाहावे

वारणेनंतर महाराष्ट्रात ग्रामपंचायतींची संग्राम केंद्रे झाली आणि त्यानंतर आपले सरकार सेवा केंद्रे आली. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे हे ठरले आणि विलंबाची जबाबदारी अधिकाऱ्यावर आली. साखर आयुक्तालयाने 2022 मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले आणि शेतकऱ्याला आपल्या फोनवरून नोंद करता येऊ लागली. वारणेत टिकलेली एकमेव सेवा अशा रीतीने राज्यभर पोहोचली.

गावातील वाचनालय, महिला बचत गटांचा संघ, दूध संस्था किंवा एखादा सेवाभावी न्यास यांना आज साधने मिळवणे तुलनेने सोपे आहे. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात आणि त्यातून संगणक मिळू शकतात. टेकसूपसारख्या व्यवस्थेतून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना नाममात्र शुल्कात सॉफ्टवेअर मिळते. 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही वेगळा परवाना न काढता सार्वजनिक वाय-फाय देता येते. म्हणून यंत्र कोठून आणायचे, या प्रश्नावर संस्थेच्या सभेचा वेळ घालवू नये.

वेळ द्यायचा तो दुसऱ्या प्रश्नांना. या केंद्रातून जो कागद किंवा जी माहिती मिळणार, ती चुकली तर कोणाच्या नावाने तक्रार करायची आणि ती व्यक्ती किंवा ते खाते लेखी जबाबदारी घ्यायला तयार आहे का? गावातील लोकांना सध्या कोणत्या एका कामासाठी सर्वाधिक खेपा माराव्या लागतात, आणि ते काम या केंद्रातून पूर्ण होणार आहे की केवळ त्याविषयीची माहिती मिळणार आहे? देणगी संपल्यानंतरच्या वर्षांत चालकाचे मानधन कोणत्या उत्पन्नातून द्यायचे? आणि ज्यांच्या नावावर जमीन, भाग किंवा खाते नाही, त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून कोणती सेवा असेल? या चार प्रश्नांची उत्तरे ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात लिहून घ्यावीत, त्यावर सरपंच, संस्थेचे अध्यक्ष आणि संबंधित खात्याचा कर्मचारी यांच्या सह्या असाव्यात, आणि त्यानंतरच कंपनीकडे किंवा सरकारकडे पाठवायच्या अर्जाचा मसुदा करायला घ्यावा.